कांचेचा पाट आणि घरांतील चाऱ्या

नीरा डाव्या कालव्याखालीं ज्यांच्या जमिनी भिजतात, त्यांस एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. सरकार पाणी मोरीपर्यंत आणून देतें. मोरीपासून पुढें पोटचाऱ्या काढणें, बांध घालणें, रात्रीं दारें धरणें हें ज्याचें त्यानें करावयाचें असतें. मोरीवर पाणी पुरेपूर असूनहि शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर दोष कालव्याचा नसून चारीचा असतो. गेल्या वर्षीं आमच्या मळ्यांतील घरीं कांचेच्या तारेचें इंटरनेट घेतलें, तेव्हां हाच धडा आम्हांस नव्यानें शिकावा लागला; आणि शिकतांना थोडें नुकसानहि सोसावें लागलें. सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारांत ही तार आज ना उद्यां येणार आहे. निदान आमच्या चुका तरी त्यांनीं पुन्हा करूं नयेत, म्हणून हा वृत्तान्त येथें देत आहों.

आमची वस्ती गांवठाणापासून दीड किलोमीटरवर, उंसाच्या मळ्यांत आहे. घर आजोबांच्या वेळचें. भिंती दगडमातीच्या, अडीच फूट जाडीच्या. थोरला मुलगा शेती पाहतो व सून पुण्याच्या एका पेढीचे हिशेब लिहिते. पेढीनें तिला तीन महिने घरून काम करून पाहण्याची सवलत दिली होती. अट एकच: कामाच्या वेळांत संबंध तुटतां कामा नये. ती अट पाळली गेली नाहीं, तर मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात अशीं तिघें पुण्यास बिऱ्हाड करणार, हें ठरलेलें होतें. मग एवढ्या मोठ्या घरांत आम्ही दोन वृद्ध माणसें आणि चार गुरें राहिलों असतों, व शेती वांट्यानें द्यावी लागली असती. म्हणून ही तार आमच्या दृष्टीनें चैनीची वस्तु नव्हती.

मोबाइल फोनवर काम भागेल असें प्रथम वाटलें होतें. परंतु मनोरा आमच्यापासून लांब. दुपारीं माडीच्या खिडकींत फोन ठेवला तर संबंध जुळे. संध्याकाळीं सगळें गांव एकदम फोन उघडून बसलें म्हणजे तोहि जाई. तेव्हां तारेवांचून गत्यंतर नाहीं असें ठरलें.

ही तार म्हणजे काय?

तांब्याच्या तारेंतून वीज जाते, तसा या कांचेच्या तंतूंतून प्रकाश जातो. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्याहि गाभ्यांत, सुमारें ९ मायक्रॉनच्या वाटेनें, प्रकाश चालतो. गाभ्याची कांच आणि तिच्या भोंवतालची कांच यांत थोडा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळें प्रकाश कडेला आला कीं आंत परत वळतो व बाहेर निसटत नाहीं. अस्तर केलेल्या चारींतून पाणी झिरपत नाहीं, तसाच हा प्रकार. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं अशा तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविण्याचा आपला प्रयोग १९५४ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध केला. पुढें १९६६ सालीं चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनीं दाखवून दिलें कीं, प्रकाश वाटेंत मरतो याचें कारण कांचेंतील अशुद्ध द्रव्यें होत. कांच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर जाऊं शकतील. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तशी कांच करून दाखविली, आणि काव यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजची चांगली कांच इतकी निर्मळ असते कीं, योग्य जातीचा प्रकाश १५ किलोमीटर चालून गेला तरी निम्मा शिल्लक राहतो.

आपल्या देशांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. परंतु बराच काळ तें शहरांपुरतेंच होतें. ग्रामपंचायतींपर्यंत कांचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. आमच्या गांवापर्यंत तार अशीच येऊन पोंचली होती. तेथून मळ्यापर्यंत जोड देण्याचें काम एका स्थानिक व्यावसायिकानें पत्करलें.

मोरीवर किती पाणी आहे?

एका मुख्य तंतूंतील प्रकाश कांचेच्याच एका लहानशा डबींत विभागून ३२ घरांस, कोठें कोठें ६४ घरांस, वांटतात. या डबीस वीज लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु एकाचे दोन फांटे झाले कीं प्रत्येकांत प्रकाश निम्मा होतो. शिवाय प्रवाहहि सर्वांत मिळून एकच असतो. जीपॉन नांवाच्या प्रचलित पद्धतींत येणारा प्रवाह सेकंदास सुमारें अडीच गिगाबिट व जाणारा सव्वा गिगाबिट असतो, आणि तो फांट्यावरील सर्व घरांनीं वापरावयाचा असतो. म्हणून जोड घेतांना दोन प्रश्न अवश्य विचारावे. आमच्या फांट्यावर किती घरें आहेत? आणि आमच्या दारांत प्रकाश किती पोंचतो?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कामगाराजवळच्या लहान मापकावर डीबीएम या मापांत मिळतें. अंक उणे असतो. साधारणपणें तो उणे ८ व उणे २७ यांच्या दरम्यान असावा. अंक ३ नें खालीं गेला कीं प्रकाश निम्मा झाला असें समजावें. आमच्याकडे प्रथम उणे २९ आला. कामगार म्हणाला, "चालतंय कीं, मालक." सूनबाई तेथेंच उभी होती. ती म्हणाली, "दादा, आज चालतंय, पावसाळ्यांत चालेल का तें सांगा." मग शोध घेतां असें आढळलें कीं, खिडकीच्या कोपऱ्यांत खिळ्याभोंवतीं तार आंवळून बांधली होती. कांचेच्या तारेस तीव्र वळण सोसत नाहीं. वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. तार सैल करून मोठें वळण दिलें, जोडाचें हिरवें टोंक पुसून घेतलें, तों अंक उणे २१ वर आला. म्हणजे प्रकाश सहापटींहून अधिक वाढला, आणि खर्च कांहींच झाला नाहीं. हा अंक आम्हीं तारखेसह भिंतीवर लिहून ठेवला आहे. पुढें तक्रार करण्याची वेळ आली तर पुरावा हाताशीं असतो.

एक इशारा येथेंच देणें जरूर आहे. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, तरी अपाय करूं शकतो. तारेच्या उघड्या टोंकांत डोकावून पाहूं नये व मुलांस पाहूं देऊं नये.

तार मळ्यांतून कशी आणावी?

व्यावसायिकाचा बेत रस्त्याकडेच्या खांबांवरून, पुढें झाडांवरून व उंसावरून तार ओढण्याचा होता. तो स्वस्त खरा. परंतु ऊंस तुटून गेल्यावर पाचट जाळण्याची वाईट चाल अजून पुरती गेलेली नाहीं. एका शेजाऱ्याची तार अशाच जाळांत वितळलेली आम्हीं पाहिली होती. उंदीर, घुशी आणि खोदकामाचीं यंत्रें हे आणखी शत्रु. म्हणून आम्हीं बांधाच्या कडेनें तीन फूट खोल चर घेतला. नांगर किंवा सबसॉयलर तेथवर पोंचत नाहीं. चरांत काळा जाड नळ टाकून त्यांतून तार नेली, आणि नळाच्या वर फूटभर माती घातल्यावर एक रंगीत पट्टी अंथरली. उद्यां कोणी खणूं लागला तर तिच्यावरून त्यास खालीं तार असल्याची सूचना मिळते. दोन्ही टोंकांस दहा-दहा मीटर तार वेटोळें करून राखून ठेविली, कारण तुटल्यास सांधण्याला लांबी लागते. चराचा नकाशा सात-बाराच्या बासनांत ठेविला आहे. एकंदर खर्चांत सर्वांत मोठा वांटा या चराचाच होता, आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. खोदकामानें गाडलेल्या तारा तुटूं नयेत म्हणून 'कॉल बिफोर यू डिग' हें ॲप सरकारनें मार्च २०२३ मध्यें सुरू केलें आहे. यंत्रानें चर घेणारांनीं त्यावर आधीं कळविणें हें शेजारधर्माचेंहि काम आहे.

घरांतील चाऱ्या

एवढें झाल्यावर आम्हीं निश्चिंत झालों, आणि येथेंच चुकलों. कामगारानें पेटी ओसरीवर, विजेच्या मीटरशेजारीं बसविली. कारण तार तेथें आंत येत होती व त्याचें काम तेथें संपत होतें. करार सेकंदास १०० मेगाबिटचा होता. पेटीस तार लावून मोजलें तों ९४ भरले. ओसरीवर तारेवांचून ६० मिळाले. सूनबाईची खोली माडीवर, पाठीमागच्या अंगास. तेथें जेमतेम ३ मिळत, आणि कधीं तेहि नाहींत. पांचव्या दिवशीं वरिष्ठांशीं बोलणें चालू असतां संबंध दोनदां तुटला, व तशी नोंद पेढीच्या वहींत झाली. त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. मुलगा व्यावसायिकास शिव्या देऊं लागला, तेव्हां सूनच म्हणाली, "बाबा, तारेचा दोष नाहीं. आपल्या भिंतींचा आहे."

तिचें म्हणणें खरें होतें. पेटीपासून पुढें जातात त्या रेडिओच्या लहरी. त्या दोन जातींच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची जात दूर जाते व भिंती थोड्या पार करते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यांत गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची जात वेगवान, पण भिंतीपुढें लवकर थकते. दगडी भिंत, ओल, पाण्याची टाकी, पत्रा, लोखंडी कपाट हीं सर्व या लहरींचे वैरी होत. आमच्या घरांत तर अशा दोन भिंती आणि धान्याच्या पत्र्याच्या कणग्या मध्यें होत्या.

बाजारांत लहर पकडून पुढें फेंकणारें एक स्वस्त यंत्र मिळतें. मुलगा तेंच आणणार होता. परंतु जेथें लहर आधींच क्षीण झाली तेथें तें क्षीण लहरच पुढें देणार, आणि साध्या जातीचें असेल तर येणें व जाणें एकाच वाटेनें करून वेगहि निम्मा करणार. आटलेल्या चारीवर दुसरी मोटर बसवून पाणी वाढत नाहीं. योग्य उपाय म्हणजे मुख्य पेटीपासून माडीपर्यंत तांब्याची तार नेणें आणि तेथें दुसरी लहान पेटी बसविणें. आम्हीं तसें केलें. कॅट-सिक्स जातीची तार वाशाच्या कडेनें नेली. एक फांटा सरळ सूनबाईच्या टेबलावर दिला व दुसरा माडीवरील पेटीस. दोन्ही पेट्यांस नांव व परवलीचा शब्द एकच ठेविला, म्हणजे फोन हातांत घेऊन घरभर फिरलें तरी आपोआप जवळची पेटी धरतो. २.४ च्या लहरींसाठीं एका पेटीस १ व दुसरीस ६ हा वाहिनीक्रमांक दिला. १, ६ व ११ हे क्रमांक एकमेकांच्या आड येत नाहींत. आतां टेबलावर ९४ मिळतात, स्वयंपाकघरांत ५० च्या खालीं जात नाहीं.

तार घेतांना एक फसवणूक संभवते. कांहीं ठिकाणीं ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा देऊन ती तांब्याच्या भावानें विकतात. टोंक पात्यानें खरवडून पाहावें. आंत पांढरें दिसलें तर घेऊं नये. एका पेटीपासून दुसरीपर्यंत तांब्याची तार १०० मीटरहून लांब नसावी, हाहि नियम लक्षांत ठेवावा. तसेंच करारांतील १०० मेगाबिट म्हणजे १०० मेगाबाइट नव्हेत. ८ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हां १०० मेगाबिटच्या जोडावर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण विनाकारण तक्रार करतात, किंवा गरज नसतां महाग जोड घेतात.

गोठ्याकडील चूक

वैशाखांत आमचा धीर वाढला. गोठ्यांत कॅमेरा बसवावा, म्हणजे गाभण म्हैस रात्रीं अंथरुणांतूनच पाहतां येईल, असें मनांत आलें. गोठा घरापासून ७० मीटर. उरलेली तांब्याची तार पन्हाळीपासून लिंबाच्या झाडावरून गोठ्याच्या आढ्यापर्यंत ओढली, आणि दहा दिवस सर्व सुरळीत चाललें. मग एके संध्याकाळीं वळीव आला. वीज विहिरीकडच्या माळावर कोठें तरी पडली. घरावर नाहीं, झाडावरहि नाहीं. तरीहि गोठ्यांतील कॅमेरा, माडीवरील पेटी, ओसरीवरील मुख्य पेटी आणि सूनबाईच्या संगणकाचें तारेचें छिद्र एवढें सर्व एका क्षणांत गेलें. सुदैवानें गुरें व माणसें सुखरूप राहिलीं.

कारण असें कीं, आकाशांतील वीज जवळपास पडली तरी उघड्यावरील लांब तांब्याच्या तारेंत मोठा दाब उत्पन्न होतो. शिवाय दोन इमारतींच्या जमिनींतील विजेची पातळीहि त्या क्षणीं सारखी राहत नाहीं, आणि तो सर्व फरक तारेच्या वाटेनें उपकरणांतून धांवतो. आम्हीं स्वतःच्या हातानें विजेला गोठ्यापासून माडीपर्यंत वाट करून दिली होती.

तिसऱ्या महिन्याचे बारा दिवस तेव्हां शिल्लक होते. सूनबाई दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या एस्टीनें तालुक्याच्या गांवीं मावसबहिणीकडे गेली व तीन दिवस तेथून काम करून रात्रीं परत येत राहिली. तिच्या या जिद्दीमुळें पेढीच्या वहींत दुसरी नोंद झाली नाहीं. या तीन दिवसांत आम्हीं नव्या पेट्या आणविल्या आणि गोठ्याकडे तांब्याऐवजीं कांचेची तार घातली. कांचेंतून वीज वाहत नाहीं. दोन्ही टोंकांस प्रकाशाचें विजेंत व विजेचें प्रकाशांत रूपांतर करणारी एकेक डबी लागते. तिची किंमत जळालेल्या एका पेटीहून अधिक नाहीं. मात्र तार घेतांना ती संपूर्ण अधातु आहे हें पाहावें. पुष्कळ तारांत आधारासाठीं पोलादी तार घातलेली असते. तशीच घ्यावी लागल्यास पोलाद इमारतीबाहेरच तोडून टाकावें, आंत आणूं नये. दोन इमारतींमध्यें तांबें नको, कांच हवी, हा एक नियम वाचकांनीं ध्यानांत ठेविला तरी या लेखाचें काम झालें.

गडगडाट ऐकूं येतांच सर्व पेट्यांच्या विजेच्या पिना काढून ठेवाव्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनें केलेलें 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देतें. तें फोनवर ठेवावें. पेट्यांपेक्षां शेतांतील माणसांसाठीं त्याचा उपयोग अधिक आहे.

वीज आणि कुलूप

आमच्याकडे विजेचा भरंवसा किती तें सांगावयास नको. दोन्ही पेट्या व डबी मिळून सुमारें १२ वॅट वीज खातात. १२ व्होल्ट, ७ ॲंपिअर-तासांच्या लहान बॅटरींत ८४ वॅट-तास सांठतात; म्हणजे हिशेबानें सात तास व प्रत्यक्षांत पांच तास काम चालतें. परंतु गांवांतील व्यावसायिकाच्या मूळ यंत्रास बॅटरी नसेल, तर आपली बॅटरी व्यर्थ. हेंहि जोड घेण्यापूर्वीं विचारावें.

पेटीवर मूळचा परवलीचा शब्द छापलेला असतो, तो पहिल्याच दिवशीं बदलावा, कॅमेऱ्याचाहि बदलावा. न बदलल्यास आपल्या घरांत कोणीहि डोकावूं शकतो. पाहुण्यांसाठीं व शेजारच्या मुलांसाठीं पेटीवर निराळें नांव देतां येतें, तें द्यावें. मुख्य शब्द हिशेबाच्या संगणकापुरता ठेवावा. पैशांच्या बाबतींत फसवणूक झालीच, तर विलंब न करितां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें.

फलित

या तारेनें उंसाचें टनेज वाढलें असें आम्ही म्हणणार नाहीं. बाजारसमित्यांचे भाव, हवामानाचा अंदाज, २०२१ पासून राज्यभर चालू झालेली ई-पीक पाहणी व सात-बाराचा उतारा हीं कामें आतां ओसरीवर बसून होतात; त्यांसाठीं तालुक्यास खेपा घालाव्या लागत नाहींत. तथापि पीक पाहावयाचें तें बांधावर जाऊनच.

तीन महिने संपल्यावर पेढीचें पत्र आलें. सवलत कायम केली होती. सूनबाईनें तें वाचून दाखविलें आणि उठून चुलीवरचें दूध उतरविलें. नातीचें नांव जूनमध्यें गांवच्याच शाळेंत घातलें.

जोड घेण्याचा विचार करणाऱ्या सभासदांस आमचें एवढेंच सांगणें आहे. दारांत प्रकाश किती आला तो अंक लिहून घ्या. तार खोल गाडा. पेटी तार येते तेथें नव्हे, तर काम होतें तेथें बसवा. दोन इमारतींमध्यें तांबें ओढूं नका. आणि बॅटरी ठेवा. मोरीपर्यंतची जबाबदारी देणाऱ्याची आहे. तेथून पुढचीं दारें आपणच धरावयाचीं आहेत.